दुसऱ्या टेबलावरची नोंदवही

सरकारी लोकांना संसद शिकवणं हे माझं काम आहे. असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, त्यांना येत नाही का? येतं, पण त्यांच्या टेबलापुरतं. आमची लहानशी संस्था कार्यालयांतल्या अधिकाऱ्यांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी दोन-दोन दिवसांची प्रशिक्षणं घेते. विधेयक कसं येतं, समित्या काय करतात, प्रश्नोत्तराच्या तासात काय होतं, खासदाराने दिल्लीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुठून कुठून फिरून तयार होतं, हे आम्ही सांगतो. मी राज्यशास्त्र शिकले, दोन वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, तिथे रोज कुणाशी तरी भांडले आणि इथे आले.

भांडण मला घरातूनच मिळालं. किनाऱ्याजवळ नंदाखालला आमचं घर. पप्पा प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. गुलाबी कागद सगळ्यात स्वस्त मिळायचा, म्हणून आमच्याकडचा प्रत्येक लढा गुलाबी असे. रविवारी मिस्सानंतर देवळाच्या फाटकाशी उभं राहून मी आणि माझा भाऊ ती पत्रकं वाटायचो. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. गोष्टीची पुस्तकं मी नंतर वाचली. त्याआधी मला 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' एवढं एका दमात म्हणता यायचं.

गेली काही वर्षं आमच्या बाजूच्या विहिरींना खारं पाणी लागतंय. नारळ तग धरून आहे, पण केळीची पानं कडेने करपतात, आणि त्या पाण्यात डाळ कितीही ठेवा, शिजत नाही. पप्पांनी त्यावर नऊ वेळा अर्ज दिले. प्रत्येकावर गावकऱ्यांच्या सह्या आणि प्रत्येकाच्या प्रतीवर कार्यालयाचा पोचशिक्का. त्या प्रती घरात एका फाईलमध्ये आहेत. मग एका खासदाराने लोकसभेत विचारलं की किनाऱ्यावरच्या गावांमध्ये पिण्याच्या विहिरी खाऱ्या झाल्याच्या तक्रारी आल्या आहेत का, आणि असल्यास किती. लेखी उत्तराला एक तक्ता जोडलेला होता. त्यात आमच्या तालुक्यासमोर शून्य होतं. सरकारी मराठीत त्याला निरंक म्हणतात. म्हणजे काही नाही, कळवण्यासारखं काहीच नाही.

तो तक्ता मी प्रशिक्षणाच्या स्लाइडमध्ये घातला. तालुक्याचं नाव झाकलं. का घातला, असं कुणी विचारलं असतं तर उदाहरण म्हणून, असं मी सांगितलं असतं. खरं कारण राग होतं.

प्रशिक्षण माणिकपूरला होतं. खाली मोबाइलची आणि साड्यांची दुकानं, वर हॉल. वेगवेगळ्या खात्यांतले तीसेक जण आले होते. मी सुरुवात केली ती लोकांच्या सार्वभौमत्वापासून. दहाव्या मिनिटाला अर्ध्यांच्या हातात फोन होते. मागच्या रांगेतला एक जाडजूड अभियंता मला समजावून सांगावं तसं म्हणाला,

"मॅडम, राग मानू नका. पण संसद आमच्याकडे फक्त व्हॉट्सॲपवर येते."

"म्हणजे?"

"म्हणजे ग्रुपवर लाल अक्षरात मेसेज पडतो. लोकसभा, अतितातडीचे, आज पाच वाजेपर्यंत. तेवढीच आमची लोकशाही."

सगळे हसले. मीही हसले, आणि नोट्स बाजूला ठेवून विचारलं की असा मेसेज आल्यावर तुम्ही नेमकं काय करता?

"गेल्या वेळचं उत्तर काढतो. तारीख बदलतो," एक जण म्हणाला.

"आणि गेल्या वेळचं नसेल तर?"

"मग निरंक," तिघं-चौघं एकदम म्हणाले.

अभियंत्याने कारण सांगितलं. निरंक लिहिलं की विषय संपतो. एक जरी आकडा लिहिला तरी संध्याकाळपर्यंत वरून अकरा रकान्यांचा तक्ता येतो. कुठला अर्ज, कधी आला, काय कार्यवाही केली, केली नसल्यास का नाही, कोण जबाबदार. "त्यामुळे मॅडम, निरंक हे आमचं चिलखत आहे."

इथे मी तो तक्ता पडद्यावर लावला आणि बोलत सुटले. मी काय बोलले ते मला आज शब्दशः आठवत नाही, आठवू नये असंही वाटतं. देशाच्या सर्वोच्च सभागृहात खोटं बोललं गेलं, ते मंत्र्याच्या तोंडून बोललं गेलं पण लिहिलं गेलं अशाच कुठल्यातरी खोलीत, आणि लिहिणाऱ्याचा हात थरथरला नाही, असं काहीतरी. गुलाबी कागदाचा आवाज माझ्या गळ्यात आपोआप येतो. पुढच्या रांगेतल्या एका तरुण अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं.

चहाच्या वेळी एक बाई माझ्याजवळ आल्या. पन्नाशी उलटलेल्या, फिकट जांभळी साडी, हातात स्टीलची बाटली. वरिष्ठ लिपिक. सकाळी ओळख करून देताना नायगावच्या खाडीकडच्या आहोत, घरची मिठागरं होती, एवढं सांगितलं होतं त्यांनी.

"मॅडम, तो तक्ता आमच्या तालुक्याचा आहे ना?"

मी मान डोलावली.

"तो निरंक माझा आहे," त्या म्हणाल्या. "पडद्यावर नाव झाकलंत तरी आपला कागद आपल्याला कळतो."

मी इतका वेळ ज्या हाताबद्दल बोलले तो हात समोर होता आणि त्यात चहाचा कागदी कप होता. मी विचारलं, तुमच्या कार्यालयात नऊ अर्ज दिलेले आहेत, पोचशिक्क्यासकट. तुम्ही पाहिले नाहीत?

"प्रश्नात काय होतं? तक्रारी आल्या का. मी तक्रारींची नोंदवही काढली. माझ्या टेबलावर असते ती. त्यात एक पन नव्हती. लिहिलं निरंक."

"मग ते नऊ कुठे गेले?"

"निवेदनांच्या नोंदवहीत. ती दुसऱ्या टेबलावर असते. कागदावर वर 'निवेदन' लिहिलेलं असेल तर आवकवाला तिकडेच नोंदवतो. मी नंतर सहज उघडली तेव्हा दिसले. तोपर्यंत उत्तर दिल्लीला पोचलेलं."

मी कप खाली ठेवला. पप्पा प्रत्येक अर्जावर ठळक अक्षरांत 'निवेदन' लिहायचे. तक्रार रडका माणूस करतो, नागरिक निवेदन देतो, असं त्यांचं म्हणणं. ते तत्त्व त्यांनी आम्हालाही पाठ करायला लावलं होतं. हे मी बाईंना सांगितलं नाही.

पण त्या आल्या होत्या ते कबुली द्यायला नव्हे. त्यांनी फोन उघडून दाखवला. सकाळी अकराला ग्रुपवर नवा मेसेज पडला होता. तोच विषय, नवा प्रश्न. विहिरींच्या खारेपणाबाबत तक्रारी, निवेदनं किंवा अर्ज, जे काही आलं असेल ते वर्षवार कळवा. उत्तर उद्या पाचपर्यंत.

"आता खरं लिहायचं म्हटलं तर नऊ लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "नऊ लिहिलं की मागचं निरंक खोटं ठरतं. मागच्या टिप्पणीवर माझी सही आहे. मला निवृत्तीला चौदा महिने आहेत. चौकशी लागली तर शेवटच्या दिवशी शाल-नारळ नाही मिळत मॅडम, आरोपपत्राचा लिफाफा मिळतो. आनि परत निरंक लिहिलं, तर कोनाला काही कळनार नाही."

"चुकीचं उत्तर दुरुस्त करायची सोय आहे," मी म्हणाले. "मंत्री सभागृहात दुरुस्तीचं निवेदन करतात. दुपारच्या सत्रात आहे ते."

"ते मंत्र्यांचं झालं. ती दुरुस्ती खालून सुरू कशी होते? माझ्या टेबलावरून? मी काय लिहायचं, कोनाला लिहायचं, आनि मला काय होतं?"

मला माहीत नव्हतं. तीन वर्षं मी हा विषय शिकवत होते. माझ्या टिपणांत मंत्री होते, सचिवालय होतं, सभागृहाचं पटल होतं. लिपिक कुठेच नव्हती. दुपारच्या सत्रात मी दुरुस्तीचा मुद्दा शिकवला, आणि शिकवताना त्या माझ्याकडे बघत लिहून घेत होत्या. मला तो भाग लवकर संपवावासा वाटला.

संध्याकाळी माणिकपूरहून घरी जाताना मी आमच्या संस्थेतल्या वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "आपल्या अभ्यासक्रमात नाहीये ते. आणि तू कुणाला सल्ला देऊ नकोस. आपण फक्त प्रक्रिया सांगतो." मी म्हटलं, हीच प्रक्रिया आहे. ते म्हणाले, रिक्षाच्या आवाजात ऐकू येत नाहीये.

घरी पप्पा ओट्यावर केळीच्या सोपटाचे दोर वळत बसले होते. मी न राहवून सांगितलं की तो निरंक लिहिणारं माणूस आज भेटलं. त्यांच्या हातातला दोर तिथेच थांबला.

"कोण होता?"

"ते नाही सांगणार."

"का? दोन वर्षं शोधतोय मी त्याला. नाव दे, उद्या संध्याकाळपर्यंत पत्रक काढतो. सभागृहाची दिशाभूल करणारा कारकून कोण? हे मथळ्यात."

"आणि पुढे?"

"पुढे काय? लोकांना कळेल."

"लोकांना कळलं की विहीर गोडी होते का?"

हे मी बोलायला नको होतं. ते उठून आत गेले. मी विहिरीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "काय हरवलंय तुझं? बस ना एके जागी." बसणं शक्य नव्हतं. नाव सांगितलं तर पप्पांचा मथळा होणार आणि बाई घाबरून पुन्हा निरंक लिहिणार. नाही सांगितलं तर मी कोण? लहानपणापासून मला शिकवलं होतं की माहीत असून गप्प बसणारा गुन्ह्यात भागीदार असतो. ते वाक्य मी स्वतः फाटकाशी उभं राहून शेकडो लोकांच्या हातात दिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्नोत्तराच्या तासाचा सराव असतो. खुर्च्या समोरासमोर लावतो. काही जण मंत्री, काही सदस्य, आणि मी पीठासीन, म्हणजे अध्यक्ष. विषय ते निवडतात. मंत्री व्हायला पुढच्या रांगेतला तो तरुण अधिकारी उठला, आदल्या दिवशी घड्याळ पाहणारा. तेव्हा बाईंनी हळूच मला सांगितलं, "हे आमचे साहेब. आठ महिने झाले येऊन." आणि सदस्यांच्या बाजूच्या पहिल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

पहिले दोन प्रश्न खड्ड्यांवर आणि बदल्यांवर गेले. मंत्रिमहोदय रंगात आले होते. "शासन याबाबत संवेदनशील आहे" हे त्यांनी इतक्या गोड आवाजात म्हटलं की टाळ्या पडल्या. मग बाई उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष महोदया, माझा प्रश्न विहिरींबद्दल आहे. किनाऱ्यावरच्या गावांत पानी खारं झाल्याचे किती अर्ज मंत्रिमहोदयांच्या खात्याकडे आले?"

"अध्यक्ष महोदया, माहिती निरंक आहे," साहेब म्हणाले. हशा.

"पुरवणी प्रश्न. निरंक लिहिण्याआधी कोनकोनत्या नोंदवह्या तपासल्या?"

"सर्व संबंधित नोंदवह्या तपासण्यात आल्या आहेत."

"निवेदनांची तपासली का?"

साहेबांचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण मागे कुणीतरी दिवा मालवल्यासारखं झालं. ते म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी मूळ प्रश्न सोडून बोलू नये." आणि माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

त्या क्षणी बोलावंसं मला जितकं वाटलं तितकं क्वचित वाटलं असेल. नऊ अर्ज, नऊ पोचशिक्के, तारखा मला पाठ होत्या. पण मीच काल तासभर सांगितलं होतं की पीठासीन व्यक्तीने बाजू घ्यायची नसते. मी एवढंच म्हणाले, "पुरवणी प्रश्न मूळ प्रश्नाशी निगडित आहे. मंत्र्यांनी उत्तर द्यावं."

साहेब थोडा वेळ कागद चाळत राहिले. कागद कोरेच होते. मग म्हणाले, "तपासून सांगतो."

"कधी?" बाईंनी विचारलं.

"आज," साहेब म्हणाले, आणि खाली बसले. मागून अभियंता पुटपुटला, "हे खात्यात नवीनच ऐकलं." त्यावरही लोक हसले, पण साहेब नाही.

जेवणाच्या वेळी ते ताट घेऊन माझ्याकडे आले. "मॅडम, हे तुम्ही शिकवलंत त्यांना?"

"नाही. मी फक्त खुर्च्या लावल्या."

"मागची माहिती गेली तेव्हा मी नव्हतो. त्याच्यावर माझी सही नाही." हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, आणि मला बाईंची काळजी वाटली. जुने साहेब बदलून गेलेले, नव्या साहेबांची सही नाही. त्या कागदावर सही केलेलं, आणि अजून कार्यालयात असलेलं, एकच माणूस उरलं होतं.

साहेब आणि बाई दोघं दुपारचं सत्र सोडून कार्यालयात गेले. मी समित्यांवर बोलत राहिले. काय बोलले देव जाणे. पावणेपाचला बाईंचा मेसेज आला, "नऊ गेले." पाच मिनिटांनी दुसरा, "टिप्पणीवर साहेबांनी लिहिलंय, मागील माहितीतील तफावतीबाबत संबंधित लिपिकाचा खुलासा घ्यावा. सात दिवसांत."

खुलासा मी लिहून देते, असं मीच म्हटलं. मनापासून लिहिला. दोन पानं. त्यात कार्यालयीन वर्गीकरणातील अनागोंदी होती, वरिष्ठांची जबाबदारी होती, नागरिकांच्या व्यथेला बेदखल करणारी व्यवस्था होती. रविवारी माणिकपूरच्या एका हॉटेलात आम्ही भेटलो. बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं, पेन काढलं आणि एकेक ओळ खोडत गेल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पन हे भाषन आहे."

"यात एक शब्द खोटा नाही."

"नाही म्हनतेय का मी? पन पोरी, व्यवस्थेला कोनी खुलासा मागत नाही. मला मागितलाय."

शेवटी चार ओळी उरल्या. तक्रार नोंदवही तपासली, निवेदन नोंदवही तपासायची राहिली, ही माझ्याकडून झालेली चूक आहे, लक्षात येताच अचूक माहिती सादर केली आहे. मी म्हटलं, तेव्हाच्या साहेबांनी न वाचता सही केली त्याचं काय? आवकवाल्याचं काय? दोन नोंदवह्या कुणी ठरवल्या त्याचं काय? त्यांनी इडलीचा तुकडा सांबारात बुडवला आणि म्हणाल्या, "ते सगळं तू लिही. तुझं काम आहे ते. हे माझं आहे."

मला तेव्हा त्यांचा रागच आला. इतक्या सरळपणे दोष अंगावर घेणं मला भित्रेपणाचं वाटलं. घरी येईपर्यंत वाटत राहिलं.

अधिवेशनात तो प्रश्न लेखी उत्तराला लागला त्या दुपारी मी संकेतस्थळ पंधरा-वीस वेळा उघडलं असेल. उत्तर चढलं. तक्त्यात आमच्या तालुक्यासमोर नऊ होते. शेजारच्या रकान्यात 'कार्यवाही सुरू आहे'. कसली कार्यवाही, कुणाची, काही नाही. मी पप्पांना दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन ते नऊ वाचले. मग म्हणाले, "सुरू आहे म्हणे," आणि मला कळलं की दहावा अर्ज आजच लिहिला जाणार.

मी बाईंना फोन लावला.

"छापलं का?" त्यांनी विचारलं.

"छापलं. नऊ."

"बरं झालं. मला पन आज सकाळीच पत्र मिळालं. लेखी समज. सेवापुस्तकात नोंद." त्यांच्या मागे प्रिंटर कुरकुरत होता. "एकतीस वर्षांत पहिली."

मी म्हटलं, हा अन्याय आहे, आपण अपील करू, मी लिहिते, मी ओळखीच्यांना सांगते. त्या ऐकत होत्या की नाही माहीत नाही. मध्येच म्हणाल्या, "चौकशी नाही लागली. एवढंच बघ." आणि मग, "साहेब बोलावतायत, ठेवते."

मी फोन हातात धरून अंगणात उभी राहिले. ज्या बाईने खोटं लिहिलं तिच्यावर पत्रक काढायचं राहून गेलं, आणि जिने खरं लिहिलं तिच्यावर काढायचं म्हटलं तरी नाव घेता येत नव्हतं. दोघी एकच. नाव नसलेलं पत्रक पप्पा पत्रकच मानत नाहीत.

विहीर खारीच आहे. ही सगळी गोष्ट मी बाई निवृत्त झाल्यावर छापायची ठरवली होती. गेल्या महिन्यात त्यांना तसं सांगितलं, तर हसल्या. म्हणाल्या, "आत्ताच छाप. आमच्याकडे कोन पुस्तकं वाचतंय?"